खंड पडल्यानंतरचा पहिला दिवस

सोमवारी संध्याकाळी जिममध्ये नवीन आलेल्या माणसाकडून पायांचे चार व्यायाम, प्रत्येकी चार सेट (न थांबता केलेल्या आवर्तनांची एक फेरी म्हणजे एक सेट) करून घेतले जातात. मंगळवारी मांड्या जरा जड वाटतात, एवढंच. बुधवारी सकाळी मात्र जिना उतरताना कठडा धरावा लागतो. चढताना तितकं दुखत नाही; उतरताना आणि खुर्चीत बसताना जीव जातो. गुरुवारी जिमला दांडी. शुक्रवारी ठरतं की आता सोमवारपासूनच नीट सुरू करू. व्यायामातला पहिला खंड असा पहिल्याच आठवड्यात पडतो, आणि त्याचा दोष आळसाला देणं अन्यायाचं आहे. मात्राच चुकलेली असते.

आपण याला ‘अंग आंबलं’ म्हणतो. शब्द नेमका आहे, पण त्यावरून स्नायूंत आम्ल साचल्याचा समज होतो आणि ‘लॅक्टिक अ‍ॅसिड’ हे नाव त्या समजाला चिकटून बसलं आहे. व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट तासा-दीड तासात निघून जातं, दुखणं मात्र २४ ते ७२ तासांनी टोकाला जातं. ते येतं स्नायू लांब होत असताना भार पेलल्यामुळे: बैठकेत खाली जाताना, डंबेल हळूहळू खाली आणताना. त्या वेळी तंतूंना सूक्ष्म इजा होते, नंतर थोडी सूज येते आणि तिथले मज्जातंतू हळवे होतात. जिना उतरताना मांडीचा पुढचा स्नायू नेमकं हेच लांबत-लांबत पेलण्याचं काम करतो.

दिलासा देणारी गोष्ट अशी, की स्नायूने हा भार एकदा थोडासा जरी अनुभवला, तरी पुढच्या खेपेला तेवढ्याच व्यायामाने तो फारसा दुखत नाही. हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणून पहिल्या आठवड्यात प्रत्येक व्यायामाचा एकच सेट, दहा रेप्स, म्हणजे आवर्तनं, आणि वजन असं की दहाव्या रेपनंतर आणखी चार-पाच सहज निघाल्या असत्या. दुसऱ्या आठवड्यात दोन सेट, तिसऱ्यात तीन. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात बाहेर पडताना ‘काहीच केलं नाही’ असं वाटतं. तसंच वाटायला हवं.

आता वेळापत्रक. बहुतेक जिमच्या भिंतीवर एकच तक्ता दिसतो: सोमवार चेस्ट, मंगळवार बॅक, बुधवार शोल्डर, गुरुवार लेग, शुक्रवार बायसेप-ट्रायसेप. वर्षानुवर्षं व्यायाम करणाऱ्याला तो चालतो. नवशिक्याला तो मारक ठरतो, कारण त्यात चुकलेल्या दिवसाची काही सोयच नाही. एका गुरुवारी ऑफिसात उशीर झाला की पाय थेट पुढच्या गुरुवारी, म्हणजे दोन आठवड्यांतून एकदा. शिवाय नवशिक्याच्या स्नायूत प्रथिनं बांधण्याचा वेग व्यायामानंतर साधारण एक ते दोन दिवस वाढलेला राहतो, मग ओसरतो. छातीला सोमवारी चार व्यायामांनी पिळून काढून मग सहा दिवस तिच्याकडे न पाहण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा थोडं थोडं काम देणं बरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही मोठ्या स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस सांगितला आहे, जोडीला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल.

वेळापत्रक आखतानाच खंड पडणार हे धरून चालावं. आठवड्यातून तीन दिवस, दरवेळी संपूर्ण शरीर, पाच व्यायाम. एक बैठकेचा प्रकार: डंबेल छातीशी धरून केलेला गॉब्लेट स्क्वॉट. एक कमरेतून वाकण्याचा: हलक्या वजनाचा रोमेनियन डेडलिफ्ट. एक ढकलण्याचा, म्हणजे डंबेल बेंच प्रेस, आणि दोन ओढण्याचे, लॅट पुलडाउन (वरचा दांडा खाली ओढणं) व सीटेड रो (बसून स्वतःकडे ओढणं). शेवटी वेळ उरला तर प्लँक, म्हणजे कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरणं. यातला एखादा दिवस बुडाला तरी कुठलाच स्नायू आठवडाभर उपाशी राहत नाही.

वेळेचा हिशेबही मांडून पाहा. पाच व्यायाम, तीन सेट, म्हणजे १५ सेट. सेटला ४० सेकंद आणि दोन मिनिटं विश्रांती धरली तर बरोबर ४० मिनिटं होतात. आधी पाच मिनिटं सायकल आणि पहिल्या व्यायामाचे दोन हलके सेट: कामाचं वजन २० किलो असेल तर १० किलोने आठ रेप्स, १५ किलोने चार. सगळं मिळून पन्नास मिनिटांत उरकतं. दोन तास लागत असतील तर बहुधा विश्रांतीच्या दोन मिनिटांची मोबाइलमुळे सहा झालेली असतात. उलट तीस सेकंदांतच पुढचा सेट उचलला तर धाप लागते, घाम भरपूर येतो, पण स्नायू सावरलेला नसतो, रेप्स घटतात आणि एकूण काम कमी होतं.

वजन कधी वाढवायचं, याचा मूळ धागा दुसऱ्या महायुद्धापर्यंत जातो. अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डिलॉर्म जखमी सैनिकांच्या दुबळ्या झालेल्या मांड्यांवर काम करत होते. त्या काळी अशा रुग्णांना हलक्या वजनाने पुष्कळ वेळा पाय हलवायला लावत. डिलॉर्मनी जड वजन, कमी आवर्तनं आणि ताकद वाढेल तसा भार वाढवत नेणं ही पद्धत १९४५ मध्ये मांडली. पुढे त्यांनी ती दहा-दहाच्या तीन सेटवर आणली. पहिला सेट निम्म्या वजनाने, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. आज जगभर म्हटलं जाणारं ‘तीन सेट, दहा रेप्स’ रुळलं ते याच कामातून.

आजच्या जिममध्ये ते असं उतरतं. ८ ते १२ रेप्सची मर्यादा ठरवा. तिन्ही सेट १२ वर पोहोचले की सर्वांत छोटी वाढ. वहीचं पान असं दिसतं: ‘सोम. गॉब्लेट १० किलो: १०, १०, ८. बुध. १०, १०, १०. शुक्र. ११, १०, १०.’ दोनेक आठवड्यांनी ‘१२, १२, १२’, आणि पुढच्या ओळीत ‘१२.५ किलो: ९, ८, ८’. आकडा खाली आलेला दिसला तरी ती प्रगतीच आहे. प्रत्येक सेट साधारण दोन रेप्स शिल्लक असताना थांबवा. ओळखायची खूण: जोर तेवढाच असूनही वजन वर जाण्याचा वेग आपोआप मंदावतो. पाठ वाकायला लागली किंवा कंबर बाकावरून उचलली गेली, तर थांबायला उशीर झालेला आहे.

इथे एक अडचण हमखास येते. बऱ्याच जिममध्ये डंबेलच्या जोड्या अडीच किलोच्या टप्प्याने असतात. स्क्वॉटमध्ये २० वरून २२.५ म्हणजे साडेबारा टक्के वाढ, निभावते. खांद्याच्या व्यायामात पाचवरून साडेसात म्हणजे एकदम पन्नास टक्के. खूप जण, विशेषतः बायका, इथेच महिनोन्‌महिने अडकतात आणि आपली ताकदच वाढत नाही असं धरून चालतात. अडलेलं असतं ते डंबेलच्या मांडणीत. अशा वेळी पाच किलोनेच १५-१६ रेप्सपर्यंत जा, मग साडेसातने सहापासून सुरू करा. किंवा पहिला सेट साडेसातचा आणि उरलेले दोन पाचचे.

तिसऱ्या ते आठव्या आठवड्याचा काळ सगळ्यात निसरडा. वहीतले आकडे भराभर चढतात, आरशात मात्र काही दिसत नाही. सुरुवातीची बरीचशी ताकद मज्जासंस्थेमुळे येते: मेंदू एका वेळी अधिक तंतू कामाला लावायला शिकतो, विरुद्ध बाजूचे स्नायू विनाकारण आखडून धरणं सोडतो. स्नायूचा आकार डोळ्यांना जाणवायला दोन-तीन महिने जातात. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा तर स्नायूंपेक्षाही सावकाश मजबूत होतात. म्हणून ताकद आली म्हणून वजन उड्या मारत वाढवलं की कोपराच्या बाहेरच्या बाजूला किंवा खांद्याच्या पुढे बारीक, टोचणारी कळ सुरू होते. स्नायूच्या पोटात सगळीकडे पसरलेलं दुखणं दोन-तीन दिवसांत जातं. सांध्याजवळ एका बोटाने दाखवता येणारं दुखणं तसं जात नाही, तो व्यायाम लगेच हलका करा किंवा बदला.

सवयीबद्दल ‘२१ दिवस’ हा आकडा फार फिरतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ जणांनी रोज एक नवीन गोष्ट करून पाहिली. ती आपसूक होऊ लागायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा ६६ निघाला, आणि माणसागणिक फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. पाणी पिण्यासारख्या सवयी लवकर लागल्या, व्यायामाच्या उशिरा. ती आवर्तनं रोजची होती, हेही ध्यानात घ्या. तीन दिवसांच्या हिशेबाने ६६ फेऱ्या व्हायला २२ आठवडे लागतात. जिममध्ये नव्याने नाव घातलेल्या १११ जणांच्या दुसऱ्या एका अभ्यासात आठवड्यातून किमान चार वेळा, सहा आठवडे जाणाऱ्यांची सवय बसलेली दिसली. त्यामुळे सुरुवातीला तीन दिवस वजनं आणि चौथ्या दिवशी त्याच वेळी त्याच जिममध्ये नुसती वीस मिनिटं सायकल, अशी जोड फायद्याची ठरते. वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा रोज घडणाऱ्या गोष्टीला बांधा. ऑफिसातून निघाल्यावर घरी न जाता थेट जिम, किंवा मुलं शाळेच्या बसमध्ये चढली की तिथूनच पुढे. घरी टेकल्यावर पुन्हा उठणं जड जातं. लालींच्या अभ्यासातली सगळ्यात मोलाची नोंद वेगळीच आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय बसण्यात जाणवेल असा फरक पडला नाही.

पैसे भरले की माणूस जातो, हाही भ्रम. डेलाव्हिन्या आणि माल्मेंडियर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या ७,७५२ सभासदांच्या नोंदी तपासल्या (२००६). महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे सरासरी ४.३ वेळाच येत होते, म्हणजे एका खेपेला १७ डॉलर पडत होते. दहा डॉलरला एक खेप असा पास तिथेच मिळत होता.

काय उपयोगी पडतं, याचा मोठा प्रयोग २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. अमेरिकेतल्या एका जिम-साखळीच्या ६१,२९३ सभासदांवर केटी मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी चार आठवड्यांच्या ५४ युक्त्या तपासल्या. पहिली आली ती युक्ती फार साधी होती: ठरलेली खेप चुकली आणि त्यानंतर परत आलात, तर काही सेंट किमतीचे जादा बक्षीस-गुण. एवढ्याशा रकमेसाठी कोणी जिमला जात नाही. पण चुकल्यानंतरची खेप हीच मोजण्याची खेप ठरली.

आपल्याकडे हे खंड कॅलेंडरवर आधीच दिसतात. गणपती, दिवाळी, लग्नसराई, मार्चअखेर, मुलांच्या परीक्षा, पावसाळ्यातला ताप. शरीर त्यांच्याकडे आपल्यापेक्षा उदारपणे पाहतं. दोन-तीन आठवड्यांच्या विश्रांतीत ताकद फारशी घटत नाही. स्नायू ‘उतरलेले’ दिसतात, ते बरंचसं त्यातला ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, आणि त्याच्याबरोबरचं पाणी कमी झाल्यामुळे. दमसास मात्र लवकर घटतो, कारण रक्तातल्या द्रवाचं प्रमाण काही दिवसांतच खाली येतं. त्यामुळे परतल्यावर ट्रेडमिलवर धाप लागली म्हणजे सगळं गेलं, असं मानू नका.

आणि टिकवायला फारच थोडं लागतं. अमेरिकेतल्या अलाबामा इथे १६ आठवडे व्यायाम केलेल्यांपैकी एका गटाला पुढचे ३२ आठवडे त्याच्या एक-नवमांश काम दिलं गेलं: तीनऐवजी एक दिवस, तीनऐवजी एक सेट, वजन मात्र तेच. २० ते ३५ वयाच्यांचा स्नायू टिकला. ६० ते ७५ वयाच्यांचा आकार घटला, ताकद बरीचशी राहिली. गणपतीच्या दहा दिवसांत एकदा वीस मिनिटं काढून प्रत्येक व्यायामाचा एकेक सेट नेहमीच्या वजनाने केला, तरी चालतं. वयस्करांनी दोनदा जमवावं.

जेवणात सरसकट कमतरता असते ती प्रथिनांची. व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत फायदा दिसतो, ६० किलोच्या माणसाला ९६ ग्रॅम. एका अंड्यात सहा, पाव लिटर दुधात आठ, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, ५० ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये २६ ग्रॅम. वाटीभर वरणात सहा-सातच, म्हणून नुसत्या वरण-भातावर हिशेब बसत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता परतण्याचा दिवस. एक आठवडा चुकला असेल तर वजन तेच, सेट एक कमी. दोन-तीन आठवडे गेले असतील तर वजन दहा टक्के कमी आणि दोनच सेट. महिन्याहून जास्त असेल तर जुन्या वजनाच्या साठ टक्क्यांवर या आणि तीन-चार आठवड्यांत वर चढा. ताप येऊन गेला असेल तर तो पूर्ण उतरून अंगातली कणकण जाईपर्यंत जिम नको, कारण काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतात. भरपाई म्हणून दुप्पट व्यायाम करणं इथे खरंच धोक्याचं आहे. दुखण्यापासूनचं ते संरक्षण मोठ्या खंडात ओसरलेलं असतं, मनाला मात्र जुनं वजन पाठ असतं. अती ताणाने स्नायूपेशी फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरली, तर मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. स्नायू कमालीचे सुजले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर घरी न थांबता त्याच वेळी दवाखाना गाठा.

एकदा कमावलेली ताकद दुसऱ्यांदा लवकर येते. १९९१ च्या एका अभ्यासात २० आठवडे व्यायाम करून मग सात महिने सोडून दिलेल्या स्त्रियांनी सहा आठवड्यांत बरंचसं परत मिळवलं. तेव्हा परतीच्या दिवशी वहीत जुनं पान उलटून नवीन ओळ लिहा: ‘गॉब्लेट, आधी २० किलो, आज १२.५: १०, १०.’ आणि निघण्यापूर्वी त्याच ओळीखाली पुढच्या खेपेचा वार आणि वजन: ‘बुध. १२.५, तीन सेट.’