ग्रीनस्टेड चर्च

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात, चिपिंग ऑंगर या बाजारगावापासून सुमारे दीड किलोमीटरवर शेतशिवारात असलेले अँग्लिकन पंथाचे लहानसे चर्च. ते संत अँड्र्यू यांना अर्पण केलेले आहे. आजवर उभे असलेले जगातील सर्वांत जुने लाकडी चर्च म्हणून त्याची ख्याती आहे. काही ठिकाणी त्याला जगातील सर्वांत जुनी लाकडी इमारतही म्हटले जाते, पण ते बरोबर नाही. जपानमधील होर्यूजी मंदिर त्याहून कितीतरी जुने आहे.

चर्चचे खरे वैभव म्हणजे मुख्य दालनाच्या भिंती. ओकचे जाडजूड ओंडके उभे चिरून ते एकमेकांना लागून कुंपणासारखे रोवले आहेत. ओंडक्याची गोल बाजू बाहेर आणि सपाट बाजू आत. प्रत्येक ओंडक्याच्या दोन्ही कडांना उभी खाच पाडलेली आहे आणि शेजारशेजारच्या खाचांत ओकचीच अरुंद पट्टी ठोकून फट बुजवली आहे, त्यामुळे वारा-पाऊस आत येत नाही. आतल्या सपाट बाजूवर सुताराच्या तासणीचे घाव आजही दिसतात. मुळात भिंतींना खिडक्या नव्हत्या. गिरमिटाने पाडलेल्या बारीक भोकांतून येईल तेवढाच उजेड. एसेक्समध्ये बांधकामाचा चांगला दगड मिळत नाही, ओकची राने मात्र भरपूर होती. पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतील वस्ती, लहान आणि गरीब असल्याने जुने पाडून दगडी चर्च उभारण्याची ऐपतही फारशी नसावी. एरवी अशा भिंती इंग्लंडमध्ये इतरत्र टिकल्या नाहीत.

या लाकडाच्या वयाचा निकाल दोनदा लागला. १९६० साली वृक्षवलये, म्हणजे खोडात दरवर्षी वाढणारी कडी, मोजून इ.स. ८४५ हे वर्ष सांगण्यात आले आणि ते दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. १९९५ च्या फेरतपासणीत मात्र ते चुकीचे ठरले. ओंडके तासताना सालीलगतचे कोवळे लाकूड, म्हणजे रसकाष्ठ, निघून गेलेले असते. त्यामुळे शेवटचे वलय सापडले तरी झाड नेमके कधी तोडले ते सांगता येत नाही. गेलेल्या वलयांची अंदाजे भर घालावी लागते. येथे टिकलेले शेवटचे वलय १०५३ चे निघाले. त्यात १० ते ५५ वर्षे मिळवली की झाडे १०६३ ते ११०८ च्या दरम्यान तोडलेली ठरतात. म्हणजे या भिंती नॉर्मन विजयाच्या, नॉर्मंडीच्या विल्यमने १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्याच्या, आगेमागे उभ्या राहिल्या. वय दोनशे वर्षांनी घटले, तरी ‘सर्वांत जुने’ हा मान गेला नाही.

जागा मात्र याहून पुरातन आहे. १९६० च्या उत्खननात वेदीच्या भागाखाली आधीच्या दोन लाकडी वास्तूंच्या खुणा मिळाल्या. सातव्या शतकाच्या मध्यास संत केड यांनी एसेक्समधील पूर्व सॅक्सन लोकांत ख्रिस्ती धर्माचा प्रसार सुरू केला. या वास्तूंचा संबंध त्या काळाशी जोडला जातो. दुसरी परंपरा संत एडमंड यांची. डेन (डेन्मार्ककडच्या) आक्रमकांनी ८६९ मध्ये मारलेल्या पूर्व अँग्लियाच्या या राजाचे अवशेष १०१३ साली लंडनहून बरी सेंट एडमंड्स येथे परत नेताना ऑंगरजवळच्या लाकडी प्रार्थनाघरात ठेवल्याचे सांगतात. ते घर म्हणजे ग्रीनस्टेडच, अशी स्थानिक श्रद्धा आहे. नव्या कालनिर्णयानुसार आजच्या भिंती त्या घटनेनंतरच्या आहेत. तरी त्याच जागी आधी चर्च होते हे उत्खननाने दाखवले असल्याने ही परंपरा निराधार म्हणता येत नाही.

वेदीचा भाग सुमारे १५०० मध्ये विटांनी पुन्हा बांधण्यात आला. पांढऱ्या फळ्यांनी मढवलेल्या मनोऱ्यातील एका घंटेवर १६१८ हे वर्ष आहे. प्रवेशद्वाराजवळची बाराव्या शतकातील शिळा एका धर्मयोद्ध्याच्या थडग्याची मानली जाते.

एकोणिसाव्या शतकात या शांत गावाचे नाव इंग्लंडच्या कामगार चळवळीशी जोडले गेले. शेतमजुरांची संघटना बांधताना गुप्त शपथ दिली म्हणून डॉर्सेटमधील टॉलपडल गावच्या सहा जणांना १८३४ साली सात वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा होऊन ऑस्ट्रेलियाला पाठवले होते. लोकक्षोभामुळे १८३६ मध्ये त्यांना माफी मिळाली. परतल्यावर पाच जणांसाठी लोकवर्गणीतून ग्रीनस्टेड आणि जवळच्या हाय लेव्हर येथे शेते खंडाने घेण्यात आली. त्यांपैकी जेम्स ब्राइन याचे लग्न १८३९ मध्ये याच चर्चमध्ये, सहकारी टॉमस स्टँडफील्डची मुलगी एलिझाबेथ हिच्याशी झाले. या मंडळींनी येथेही कामगारांना मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीचे काम सुरू केले, तेव्हा चर्चचे रेक्टर (प्रमुख धर्मगुरू) फिलिप रे यांनी त्यांना उघड विरोध केला. पुढे ही कुटुंबे कॅनडातील ओंटारिओत जाऊन स्थायिक झाली.

याच रे यांच्या कारकिर्दीत, १८४८ च्या सुमारास, चर्चचा मोठा जीर्णोद्धार झाला. ओंडक्यांचे बुंधे जमिनीलगत कुजले होते. तेवढा भाग कापून खाली विटांचा चौथरा घातला गेला. छपरातील खिडक्याही त्या वेळी बदलल्या. या कामामुळे जुन्या खुणा पुसल्या गेल्याची टीका होते आणि ती अगदीच खोटी नाही. पण ओलीपासून ओंडके वर उचलले नसते, तर भिंती आज दिसल्या असत्या का, याची शंका वाटते.

१९७२ मध्ये ब्रिटिश टपाल खात्याने ग्रामीण चर्चवरील तिकीटमालेत याचे चित्र छापले. इमारतीला पहिल्या श्रेणीचे वारसा-संरक्षण असून येथे आजही उपासना होते.