हँडब्रेक केबल : घरच्या घरी दुरुस्ती

हँडब्रेक केबल म्हणजे उभी गाडी जागची हलू नये म्हणून ओढायच्या दांड्याची ओढ मागच्या चाकांपर्यंत नेणारी पोलादी तार. पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. हँडब्रेकचा त्या तेलाशी काही संबंध नाही. तेल सगळे गळून गेले तरी तो लागला पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९६ मोटारीला पायाचा आणि पार्किंगचा असे दोन स्वतंत्र ब्रेक मागतो, तो याच कारणाने.

केबल दोन भागांची असते. आतली पिळाची तार ओढ घेते आणि बाहेरचे सर्पिल पोलादी कवच तेवढाच दाब सोसते. म्हणूनच ती वाकड्या वाटेनेही ओढ पोचवते. सायकलच्या ब्रेकलाही हीच रचना असते. अर्नेस्ट बाउडेन यांचे तिचे पेटंट १८९६ चे. बहुतेक छोट्या गाड्यांत दांड्याखाली एक आडवी पट्टी असते. तिच्यातून डाव्या-उजव्या चाकाच्या केबल निघतात आणि ती दोन्हींकडे ओढ सारखी वाटते. ड्रमच्या, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या गोल डब्याच्या, आत केबलचे टोक एका तरफेला अडकते आणि ती तरफ दोन्ही ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारे अर्धगोल पट्टे, बाहेर ढकलते.

सोलापुरात केबल का जाते

केबल वापरून झिजते, असा समज आहे. सोलापुरात ती बहुधा न वापरल्याने जाते. शहर सपाट, त्यामुळे गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची आणि उतरायचे, ही सवय. तार महिनोन्‌महिने कवचात एकाच जागी पडून राहते. ड्रमच्या मागच्या पत्र्याजवळ केबलवर एक रबरी टोपी असते. ती चिरली की धूळ आत जाते आणि सप्टेंबरच्या पावसात मागोमाग पाणी. शेताच्या वाटेवर जाणाऱ्या गाडीला काळ्या मातीचा चिखल तिथेच थापला जातो आणि वाळल्यावर स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढावा लागतो. आत तारेला गंज धरतो, गंज फुगतो, आणि तार जाम. पुढे कधी तरी तुळजापूरच्या घाटात गाडी थांबवायची वेळ येते, जोर लावून दांडा ओढला जातो, आणि हँडब्रेक लागतो पण सुटत नाही. म्हणून दिवसाआड तरी तो ओढावा. अपवाद एकच : पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर ओढू नये, कारण शू ड्रमला गंजून चिकटतात. तेव्हा गिअर आणि चाकाला दगड.

दोष ओळखणे

दांडा अजिबात जोर न लागता वर आला तर तार तुटली आहे किंवा दांड्याजवळचा, केबलचा ताण कमी-जास्त करणारा नट निसटला आहे. दांडा दहा-बारा टिक (ओढताना वाजणारे खटके) वर येऊनही गाडी सरकत असेल तर आधी शू पाहावेत, केबल नंतर. दांडा जड जातो आणि सोडल्यावर सैलसर पडतो, तेव्हा तार जाम असते. चार-पाच किलोमीटर जोराचा ब्रेक न मारता चालवून मागच्या दोन्ही चाकांजवळ हात न्यावा. एकच चाक तापले असेल तर त्या बाजूचा ब्रेक घासतो आहे. मात्र त्याला कारण केबलच असेल असे नाही. तेलाच्या दाबाने शू ढकलणारा चाकाचा सिलिंडर गळत असेल तर त्याच्या रबराच्या कडेला ओल दिसते; तो दोष वेगळा आणि केबल बदलून जात नाही.

साहित्य

जॅक आणि त्यासोबत उचललेली गाडी पेलणारा स्टँड, गॅरेजवाले ज्याला घोडी म्हणतात. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरू नये. १०, १२ आणि १४ मि.मी.चे रिंग पाने, लांब तोंडाची पक्कड, गंज सोडवणारा स्प्रे, ब्रेक क्लीनर, तारेचा ब्रश, तोंडाला मास्क. नवी केबल गाडीचे मॉडेल, साल आणि चेसिस नंबर सांगून घ्यावी. पुष्कळ गाड्यांत डाव्या-उजव्या केबलची लांबी वेगळी असते, तेव्हा दुकानातच जुनीला लावून मोजावी. एका बाजूची गेली असेल तर दुसरीही त्याच वयाची आहे. जोडी बदललेली बरी.

काम

मे महिन्यात हे काम सकाळी आठच्या आत करावे, उन्हात तापलेला पाना हातात धरवत नाही. गाडी सपाट, टणक जागेवर घ्यावी. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावून गाडी गिअरमध्ये ठेवावी. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत, मग गाडी उचलून घोडीवर घ्यावी. आता दांडा पूर्ण खाली सोडून दोन सीटमधले प्लास्टिकचे कव्हर काढावे आणि केबलचा नट टोकापर्यंत ढिला करावा. ही पायरी गाळली की ड्रम निघत नाही, आणि मग लोक ड्रमवर हातोडा चालवतात.

अडकलेल्या ड्रमच्या तोंडावर बहुधा आट्यांची दोन भोके असतात. त्यात ८ मि.मी.चे बोल्ट आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा आवळत गेले की ड्रम सरळ बाहेर येतो. काही गाड्यांत बेअरिंग ड्रममध्येच असते. तिथे मधला मोठा नट काढावा लागतो आणि परत बसवताना तो नवाच घालावा. आतली धूळ फुंकू नये, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसावी. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरात, ॲस्बेस्टॉस असू शकते.

तरफेवरची केबल काढायला पक्कडीने तिची स्प्रिंग मागे दाबून टोक खाचेतून आडवे सरकवावे. खरा वेळ खातो तो मागच्या पत्र्यातला पंजा. तिथे कवचाच्या टोकाला तीन-चार पसरट दाते असतात आणि स्क्रू ड्रायव्हरने एक दाबला की दुसरा उघडतो. त्यांच्यावर १२ मि.मी.चा रिंग पाना सरळ ढकलला की सगळे दाते एकदम मिटतात आणि केबल मागे ओढता येते. गाडीखालच्या क्लिपांचे बोल्ट आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवले तर तुटत नाहीत.

नवी केबल जुन्याच वाटेने न्यावी, सायलेन्सरपासून दूर आणि कुठेही करकचून न वळवता. पंजा पत्र्यात बसल्याचा टक्‌ असा आवाज आला पाहिजे. ओढून खात्री करावी.

आवळण्यातली चूक

बिघाड बहुतेक इथे होतो. शू झिजल्याने दांडा वर येत असताना केबलचा नट आवळत राहायचे, ही सर्रास चालणारी पद्धत. त्याने तरफ कायम थोडी ओढलेली राहते, शू आपोआप जवळ आणणारी यंत्रणा काम करेनाशी होते आणि ड्रम तापत राहतो. लायनरची जाडी १ मि.मी.पर्यंत आली असेल तर शू बदलायचे, नट आवळायचा नाही.

क्रम असा : ड्रम बसवावा, दांडा खाली ठेवून पायाचा ब्रेक पंधरा-वीस वेळा दाबावा, म्हणजे शू आपल्या जागी येतात. मग नट आवळावा. पाच ते आठ टिकांत दोन्ही चाके हाताने फिरेनाशी व्हावीत. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. दांडा खाली असताना चाक मोकळे फिरले पाहिजे. पहिल्या टिकला डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला पाहिजे. दांडा दहा वेळा जोरात ओढून सोडला की नव्या तारेचा ताण बसतो. मग परत मोजावे. शेवटी केबलचा नट जागी धरून ठेवणारा लॉक नट आवळायला विसरू नये. चाकाचे नट गाडी खाली आल्यावर फुलीच्या क्रमाने घट्ट करावेत.

जाम केबलमध्ये तेल सोडून ती चालू करता येते, पण गंजलेली तार महिन्याभरात पुन्हा धरते. आतली नळी प्लास्टिकची असेल तर ग्रीस भरून काही साधत नाही, उलट ग्रीस धूळ पकडते. तारेचा एक जरी धागा तुटून बाहेर आला असेल तर ती केबल टाकून द्यावी.

मागे ड्रमऐवजी डिस्क असलेल्या काही गाड्यांत केबल कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागाच्या, तरफेला लागते. बटणावरच्या इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकला मात्र स्कॅनरने (गाडीच्या संगणकाला जोडायच्या यंत्राने) सर्व्हिस मोडमध्ये घेतल्याशिवाय हात लावू नये. ते काम गॅरेजचे.