ठाण्यातील नव्या इमारतीसाठी ऊर्जा संवर्धन संहिता : पात्रता, कागदपत्रे आणि प्रस्तावाचा क्रम

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीत ऊर्जा बचतीचा विषय निघाला की चर्चा सहसा गच्चीवरील सौर पॅनेल आणि जिन्यातील एलईडी दिव्यांपाशी थांबते. प्रत्यक्षात निवासी इमारतींच्या संहितेचा, म्हणजे इको निवास संहितेचा, २०१८ साली आलेला पहिला भाग भिंती, खिडक्या आणि छत यांच्याविषयी आहे. या गोष्टी नकाशा मंजुरीला जाण्यापूर्वीच ठरून गेलेल्या असतात, त्यामुळे नंतर दुरुस्तीला फारसा वाव राहत नाही.

नियमांचा मूळ आधार ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ हा आहे. व्यापारी इमारतींसाठीची संहिता प्रथम २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली गेली. २०२२ च्या दुरुस्तीने कार्यालयीन आणि निवासी इमारतीही कायद्याच्या व्याख्येत आल्या. ज्या इमारतीचा जोडभार (जोडलेल्या सर्व उपकरणांचा एकूण वीजभार) किमान १०० किलोवॅट किंवा करार मागणी (वीज कंपनीशी करारात ठरलेली कमाल मागणी) किमान १२० केव्हीए आहे ती या व्याख्येत बसते, आणि राज्य शासनाला ही मर्यादा आणखी खाली आणता येते. इको निवास संहितेच्या २०१८ च्या भागात निकष वेगळा आहे : भूखंड ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असल्यास त्यावरील निवासी इमारत, तसेच मिश्र वापराच्या इमारतीतील निवासी भाग. नौपाड्यातील जुन्या तीनमजली इमारतीच्या जागी मनोरा उभा राहणार असेल, तर भूखंडाचे क्षेत्र आणि नियोजित वीजभार हे दोन्ही आकडे आधी काढून घ्यावेत.

ऊर्जेसाठी वेगळ्या खिडकीवर वेगळा अर्ज करायचा, अशी संहितेची रचना नाही. पूर्ततेचे कागद बांधकाम परवानगीच्या प्रस्तावालाच जोडायचे असतात. ठाणे शहरात हा प्रस्ताव महानगरपालिकेच्या शहर विकास विभागाकडे आणि नवी मुंबईत महानगरपालिकेच्या नगररचना विभागाकडे जातो, तर ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील भूखंडांसाठी एमआयडीसी हेच नियोजन प्राधिकरण आहे. राज्याच्या अधिसूचनेनुसार प्रस्तावाच्या तारखेला संहितेची कोणती आवृत्ती लागू आहे, हे वास्तुविशारदामार्फत प्राधिकरणाकडून लेखी विचारून घ्यावे. बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असल्यास पर्यावरणीय मंजुरीही लागते आणि तिच्या प्रस्तावात ऊर्जा बचतीचा तपशील द्यावा लागतो. दोन्ही ठिकाणचे आकडे जुळले पाहिजेत.

गणिताचा गाभा म्हणजे बाह्य आवरणातून, छत वगळता, आत येणाऱ्या उष्णतेचे मूल्य, ज्याला सल्लागार आरईटीव्ही म्हणतात. ठाणे उष्ण-दमट हवामान विभागात येते आणि येथे हे मूल्य प्रति चौरस मीटर १५ वॅटपेक्षा जास्त असता कामा नये. हे मूल्य भिंतीतून शिरणारी उष्णता, काचेतून वाहून येणारी उष्णता आणि काचेतून थेट येणारे ऊन यांवरून काढले जाते. घोडबंदर रस्त्यावरच्या जाहिरातींत येऊरच्या डोंगराचे दर्शन घडवणारी मोठी काच हमखास दिसते. मात्र तो डोंगर पश्चिमेला आहे, आणि दुपारचे ऊन त्याच काचेतून घरात येते. काच ठेवायचीच असेल तर छज्जा खोल घ्यावा किंवा ऊन कमी आत सोडणारी काच निवडावी. मायवान पद्धतीची (ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली) सलग काँक्रीट भिंत एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) भिंतीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता आत सोडते, म्हणून अशा इमारतीचे गणित अधिक काळजीपूर्वक तपासावे लागते.

छताचे यू-मूल्य, म्हणजे छतातून उष्णता किती सहज आत येते त्याचे माप, १.२ पर्यंतच असावे लागते. चायना चिप्स (गच्चीवर बसवलेले चिनी मातीच्या लादीचे तुकडे) ऊन परतवतात, पण या मर्यादेत बसण्यासाठी स्लॅबवर उष्णतारोधक थर घालावा लागतो. वायुवीजनासाठी खिडक्या-दारांचे उघडता येणारे क्षेत्र चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के हवे, म्हणजे ५० चौरस मीटरच्या सदनिकेत सुमारे ८.३३ चौरस मीटर. दोन झडपांच्या सरकत्या खिडकीचा निम्माच भाग उघडत असल्याने तेवढाच मोजायचा असतो, आणि हिशेब बहुधा इथेच चुकतो.

मालकीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, सिडकोच्या भूखंडासाठी भाडेपट्टा करार, वास्तुविशारदाचे नियुक्तिपत्र हे नेहमीचे कागद लागतातच. त्यांच्याबरोबर आरईटीव्हीचे गणनापत्रक, दिशानिहाय भिंत व काच क्षेत्राचा तक्ता, दारे-खिडक्यांची यादी, भिंत आणि छताचे छेद-नकाशे, काचेच्या उत्पादकाची चाचणी प्रमाणपत्रे आणि वीजभाराचा तक्ता तयार ठेवावा. गणनापत्रकातील काच आणि प्रमाणपत्रातील काच एकच असल्याची खात्री सोसायटीच्या प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराने करावी, आणि काचेचा व ब्लॉकचा प्रकार विकास करारनाम्यातही नोंदवावा. अन्यथा खरेदीच्या वेळी स्वस्त पर्याय आला तरी सोसायटीच्या हाती हरकत घेण्यासारखे काही उरत नाही.

परवानगी मिळाल्यानंतर जोते तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र असा क्रम चालतो. छतावरचा उष्णतारोधक थर लादीखाली झाकला गेला की नंतर दिसत नाही, म्हणून तो घालतानाची तारीखवार छायाचित्रे आणि साहित्याची बिले त्याच वेळी जमवून भोगवट्याच्या अर्जाच्या फायलीत लावावीत.