कन्नड कावलू ते विरोधी बाके: बेळगावातून दिसणारे सिद्धरामय्या

कर्नाटक विधानसभेत सिद्धरामय्या दोनदा विरोधी पक्षनेते झाले, आधी २००९ मध्ये आणि नंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये. त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण म्हैसूरजवळच्या सिद्धरामनहुंडी गावापासून सुरुवात करतात. कुरुब, म्हणजे आपल्याकडच्या धनगरांसारख्या मेंढपाळ समाजातले घर, वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत शाळा नाही, पुढे बीएस्सी, मग वकिली. ही वाटचाल खरी आहे आणि कौतुकाचीही. पण बेळगावच्या मराठी माणसाला हा नेता समजून घ्यायचा असेल, तर त्यांना मिळालेल्या पहिल्या सरकारी पदापासून सुरुवात करावी लागते. ते पद भाषेचे होते.

त्यासाठी थोडे मागे जाऊ. १९८०च्या सुमारास कर्नाटकात शाळांमधल्या भाषाक्रमावरून वाद पेटला. गुंडूराव सरकारने डॉ. वि. कृ. गोकाक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. (हेच गोकाक कधीकाळी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य होते.) माध्यमिक शाळेत कन्नड हीच प्रथम भाषा असावी, अशी शिफारस त्यांनी १९८१ मध्ये केली. अंमलबजावणी रखडली तेव्हा आंदोलन उभे राहिले, आणि १९८२ मध्ये अभिनेते राजकुमार त्यात उतरल्यावर ते गावोगाव पोहोचले. जानेवारी १९८३ च्या निवडणुकीत कर्नाटकातली काँग्रेसची सत्ता पहिल्यांदाच गेली आणि रामकृष्ण हेगडे मुख्यमंत्री झाले. त्याच निवडणुकीत म्हैसूरच्या चामुंडेश्वरी मतदारसंघातून सिद्धरामय्या हा तरुण वकील भारतीय लोकदलाच्या तिकिटावर निवडून आला आणि पुढे हेगड्यांच्या जनता पक्षात गेला.

सरकारी कारभारात कन्नड वापरली जाते की नाही यावर लक्ष ठेवण्यासाठी हेगडे सरकारने ‘कन्नड कावलू समिती’ नेमली. कावलू म्हणजे पहारा. तिचे पहिले अध्यक्ष सिद्धरामय्या. बेंगळूरुच्या कचेऱ्यांत चालणारे इंग्रजी हटवून सामान्य कन्नडिगाला त्याच्या भाषेत कागद मिळावा, हा हेतू होता, आणि तो रास्तच होता. स्वतःच्या भाषेत कागद मिळण्याचे मोल आमच्याइतके कोणाला कळणार? शेताचा उतारा आला की तो वाचून घ्यायला कानडी येणाऱ्या शेजाऱ्याचे दार ठोठावणारी घरे आमच्या गावांत आजही आहेत. बेंगळूरुत जो पहारा इंग्रजीवर होता, तो बेळगाव, खानापूर, निपाणीत येऊन मराठीवर बसला. तिथली न्याय्य मागणी इथे सक्ती झाली. गेल्या ४० वर्षांतला आमचा सगळा झगडा या एका वाक्यात मावतो.

१९८६ मध्ये कानडीसक्तीविरुद्ध सीमाभाग उठला. १ जूनला गोळीबार झाला, माणसे गेली. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी दरवर्षी १ जूनला आपण जमतो ते त्यांच्यासाठी. तेव्हा सरकार हेगड्यांचेच होते. १९८५ च्या मध्यावधी निवडणुकीनंतर सिद्धरामय्याही मंत्री झाले होते, पण त्यांच्याकडे पशुसंगोपन खाते आले होते. शाळांतल्या सक्तीचा निर्णय त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, तरी ज्या धोरणातून तो आला त्याची राखण करण्यापासूनच त्यांच्या कारकिर्दीची सुरुवात झाली होती, हे नोंदवायलाच हवे.

मधली वर्षे चढउताराची. १९८९ मध्ये पराभव, १९९१ मध्ये कोप्पळ लोकसभेत पुन्हा पराभव. १९९४ मध्ये देवेगौडा सरकारात अर्थमंत्री, १९९६ मध्ये जे. एच. पटेलांचे उपमुख्यमंत्री, १९९९ मध्ये परत पराभव, २००४ मध्ये धरमसिंग सरकारात पुन्हा उपमुख्यमंत्री. २००५ मध्ये देवेगौडांशी बिनसले आणि जनता दलाचे (धर्मनिरपेक्ष) दार बंद झाले.

इथे ‘अहिंद’ आले. अल्पसंख्याक, हिंदुळिदवरू म्हणजे मागासवर्गीय, आणि दलित या तिघांची आद्याक्षरे. या मोटेच्या बळावर ते २००६ मध्ये काँग्रेसमध्ये गेले आणि त्याच डिसेंबरात चामुंडेश्वरीची पोटनिवडणूक अवघ्या २५७ मतांनी जिंकले. सिद्धरामय्यांच्या राजकारणातला हा सर्वांत उमदा विचार आहे, असे मला मनापासून वाटते. म्हणूनच एक गोष्ट खुपते. त्यातला ‘अ’ अल्पसंख्याकांचा असला तरी भाषिक अल्पसंख्याक त्यात कधी मोजले गेले नाहीत. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असे राज्यघटनेचे ३५० अ हे कलम सांगते. लोकसंख्येच्या १५ टक्के किंवा अधिक लोक दुसरी भाषा बोलत असतील तिथे परिपत्रके त्या भाषेतही द्यावीत, हा भाषिक अल्पसंख्याकांसाठीचा जुना दंडक आहे. मराठी परिपत्रकांची आपली मागणी यावरच उभी आहे, आणि ती अहिंदच्या व्यासपीठावर कधी पोहोचली नाही.

२००९ मध्ये मल्लिकार्जुन खर्गे लोकसभेत गेले आणि विधानसभेतले विरोधी पक्षनेतेपद सिद्धरामय्यांकडे आले. (खर्ग्यांचे जन्मगाव वरवट्टी हे भालकी तालुक्यातले. ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी’ या आपल्या घोषणेतली ती भालकी.) विरोधी नेता म्हणून त्यांनी नाव कमावले ते २०१० मध्ये. बेकायदा खाणींविरुद्ध बेंगळूरु ते बळ्ळारी अशी सुमारे ३२० किलोमीटरची पदयात्रा त्यांनी काढली. सरकारला धारेवर धरणे म्हणजे काय, हे त्या पायपिटीत दिसले. ११ ऑक्टोबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते हलगा-बस्तवाडजवळच्या सुवर्णसौधचे, म्हणजे बेळगावातल्या विधानभवनाचे, उद्घाटन झाले, डिसेंबरात तिथले पहिले अधिवेशन भरले, तेव्हाही विरोधी बाकांवर तेच पुढे होते. पाच महिन्यांनी ते मुख्यमंत्री झाले.

त्यांच्या त्या राजवटीत, जुलै २०१४ मध्ये, बेळगावजवळच्या येळ्ळूर गावचा ‘महाराष्ट्र राज्य’ फलक हटवला गेला आणि गावात लाठीमार झाला. १ नोव्हेंबर २०१४ ला, आपण काळा दिन पाळतो त्याच दिवशी, बेळगावचे सरकारी नाव ‘बेळगावी’ झाले. २०१८ मध्ये चामुंडेश्वरीत ते हरले आणि बदामीतून १,६९६ मतांनी वाचले. बनशंकरी ज्यांची कुलदेवता आहे अशा मराठी घरांना बदामी काही परकी नाही. अशा रीतीने २०१९ मध्ये दुसऱ्यांदा विरोधी पक्षनेते झाले तेव्हा ते आमच्या शेजारच्या जिल्ह्याचे आमदार होते.

डिसेंबर २०२२ चा तो आठवडा मात्र तपशिलात सांगायला हवा. १९ तारखेला सुवर्णसौधमध्ये अधिवेशन सुरू झाले. सभागृहात सावरकरांचे तैलचित्र लावल्यावरून सिद्धरामय्या आणि काँग्रेसचे आमदार पायऱ्यांवर निदर्शने करत होते. त्याच दिवशी टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोवर महाराष्ट्र एकीकरण समितीला महामेळाव्याची परवानगी नाकारली गेली, कार्यकर्त्यांना ताब्यात घेतले गेले, कोल्हापूरहून निघालेल्या नेत्यांना कोगनोळी नाक्यावर अडवले गेले. पायऱ्यांवरच्या निदर्शनाचा हक्क आणि मैदानावरच्या मेळाव्याचा हक्क एकच आहे, असे म्हणणारा आवाज आम्हाला हवा होता. तीन दिवसांनी, २२ तारखेला, सीमाप्रश्नावरचा ठराव विधानसभेत आला. कर्नाटकाची एक इंचही जमीन देणार नाही, अशी भूमिका मांडणारा तो ठराव एकमताने मंजूर झाला. सत्ताधारी भाजप आणि विरोधी काँग्रेस यांच्यात त्या आठवड्यात बाकी सगळ्यावर भांडण होते.

मे २०२३ मध्ये बाकांची अदलाबदल झाली. सिद्धरामय्या पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि नोव्हेंबरात भाजपचे आर. अशोक विरोधी पक्षनेते. समितीचे शेवटचे दोन आमदार, बेळगाव दक्षिणचे संभाजी पाटील आणि खानापूरचे अरविंद पाटील, २०१३ मध्ये निवडून आले होते. २०१८ मध्ये एकही नाही, २०२३ मध्येही नाही.