बांगडा कडक तळला तरी हिस्टामिन जात नाही

"नीट शिजवलं की सगळे जंतू मरतात, मग मासा जरा उतरलेला असला तरी काय होतंय" हे लोक इतक्या ठामपणे सांगतात की शेवटी लिहायला बसलो. जंतू मरतात हे खरंच. खराब अन्नामुळे जगात दरवर्षी अंदाजे ६० कोटी लोक आजारी पडतात, ४ लाख २० हजार दगावतात (जागतिक आरोग्य संघटना, २०१५), आणि त्यातला अंड्या-चिकनमधला साल्मोनेला वगैरे नीट शिजवलं की मरतो. पण बांगडा, तारली, सुरमई, टूना यांचं गणित वेगळंय.

हे मासे सतत जोरात पोहणारे. स्नायूंत तयार होणारं आम्ल आवरायला त्यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर मोकळं असतं. मासा मेला की कल्ल्यांतले, आतड्यातले बॅक्टेरिया (उदा. मॉर्गनेला मॉर्गनाय) मांसात शिरतात, त्यांचं हिस्टिडिन डीकार्बोक्सिलेज हे एन्झाइम हिस्टिडिनमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं आणि उरतं ते हिस्टामिन, म्हणजे ऍलर्जीत आपल्याच पेशी सोडतात तेच! बर्फ नसेल तर आपल्या उकाड्यात काही तास पुरतात. वर गंमत अशी की एकदा तयार झालेलं एन्झाइम फ्रिजमध्ये बॅक्टेरिया गारठून बसले तरी हळूहळू काम करत राहतं. तळल्यावर बॅक्टेरिया संपतात, एन्झाइमही संपतं, हिस्टामिन मात्र तसंच, अगदी डबाबंद टूनातसुद्धा. वास येईलच असंही नाही. लिंबू-हळद-कोकम लावूनही फरक पडत नाही.

मग जेवल्यावर तासाभरात तोंड लालबुंद, डोकं ठणकतं, धडधड, खाज, कधी खातानाच जिभेवर मिरीसारखं चुरचुरतं. बहुतेकांचं दिवसभरात ओसरतं, डॉक्टर अँटिहिस्टामिन देतात (श्वास लागला तर मात्र सरळ हॉस्पिटल गाठा). पण माणूस जन्मभर "मला बांगड्याची ऍलर्जी आहे" सांगत फिरतो, आधी आयुष्यभर आरामात खाल्लेला असला तरी.

आणि इकडे आपण घाबरतो कशाला, तर मासे आणि दूध एकत्र खाल्लं की कोड येतं याला! त्याला काडीचा पुरावा नाही. टीबीसाठी आयसोनियाझिड घेणाऱ्यांनी मात्र खरंच जपावं, कारण शरीरात हिस्टामिन मोडणाऱ्या एन्झाइमला हे औषध अडवतं.

कोडेक्सची (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) सुरक्षा मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम आहे, पण हिस्टामिन माशात सगळीकडे सारखं नसतं, एका तुकडीत भरपूर आणि शेजारच्या तुकडीत जवळपास नाहीच असंही होतं, म्हणून एकाच सुरमईच्या तुकड्या खाऊन एकाला त्रास होतो आणि बाकीचे त्याला म्हणतात, तुलाच काहीतरी झालंय.