आयबीएस आणि चिंता-नैराश्य : जनुकीय नाते

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण दोघेही ज्याला नुसते ‘आयबीएस’ म्हणतात, तो आतड्याच्या कामकाजाचा विकार आहे. पोटात मुरडा येतो, गुबारा धरतो, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ. एसटीत बसण्याआधी दोनदा जाऊन आलेल्या माणसाला गाडी सुटताच पुन्हा कळ येते. रक्ततपासणी, सोनोग्राफी, एंडोस्कोपी यांत मात्र बहुधा काहीच सापडत नाही. मग ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर बोळवण होते आणि घरचेही दुखणे मनाचे म्हणून सोडून देतात. हा अन्याय आहे, आणि जनुकीय संशोधनाने तो अधिकच उघडा पाडला आहे.

आयबीएसच्या रुग्णांत चिंता आणि नैराश्य जास्त आढळते, हे दवाखान्यात फार पूर्वीपासून माहीत होते. प्रश्न होता तो आधी काय आणि मागून काय याचा. काळजीने पोट बिघडते, की रोजच्या पोटदुखीने माणूस खचतो?

२०२१ साली ‘नेचर जेनेटिक्स’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तिसरीच शक्यता पुढे आणली. यूके बायोबँक हा ब्रिटनमधील लाखो लोकांच्या आरोग्य व जनुकीय माहितीचा साठा आणि ‘बेलीजीन्स’ हा आंतरराष्ट्रीय उपक्रम यांतून ५३,४०० रुग्णांची आणि आयबीएस नसलेल्या ४,३३,२०१ जणांची जनुकीय माहिती ताडून पाहिली गेली. आयबीएसशी निगडित अशा सहा जागा जनुकसंचात सापडल्या. त्यांतल्या चार जागांचा संबंध मनःस्थितीच्या व चिंतेच्या विकारांशी, मज्जासंस्थेतील जनुकांच्या कामाशी किंवा दोहोंशी निघाला. एनसीएएम१ आणि सीएडीएम२ ही त्यांतली दोन जनुके. पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारी प्रथिने ती घडवतात आणि चेतापेशींच्या जाळ्यात या प्रथिनांना मोठे काम असते. संपूर्ण जनुकसंच धरला तरी आयबीएसचा धोका आणि चिंता, नैराश्य व भावनिक अस्थैर्य यांचा धोका यांत ठळक साम्य दिसले. चिंता पोटात उतरते म्हणून हे साम्य आहे, असे पुढच्या विश्लेषणातून दिसले नाही. दोन्हींची काही मुळे एकाच जैविक वाटेवर असावीत, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

हे ऐकून आश्चर्य वाटायला नको. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचे स्वतंत्र जाळे आहे, चेतापेशींमध्ये निरोप पोचवणारे सेरोटोनिन हे रसायन शरीरात सुमारे ९० टक्के पचनमार्गातच तयार होते, आणि मेंदू आणि पोट यांना जोडणाऱ्या व्हेगस नर्व्ह या चेतातंतूंच्या जुडीतले बहुसंख्य तंतू संदेश मेंदूकडून पोटाकडे नव्हे, तर पोटाकडून मेंदूकडे नेतात. ‘पोटात गोळा आला’ असे आपण भीतीबद्दल म्हणतो, ते उगाच नाही.

तरीही ‘आयबीएसचे जनुक’ असे काही नसते. त्याच अभ्यासात, तपासलेल्या जनुकीय फरकांवरून विकाराच्या धोक्याचा जेमतेम ६ टक्के भाग उलगडला. घरातल्या अनेकांना हा त्रास असला तरी त्यात एकत्र खाणेपिणे, वळण, आजारपणाकडे बघण्याची रीत हेही आलेच. लहानपणी वारंवार प्रतिजैविके घेतल्याची नोंद रुग्णांत अधिक आढळली. शिवाय सहभागी लोक युरोपीय वंशाचे होते, तेव्हा हे आकडे भारतीय कुटुंबांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

पचनाचे सगळेच विकार या नात्यात बसत नाहीत. त्याच वर्षी यूके बायोबँकेतील साडेचार लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात जठरव्रण, ॲसिडिटीचा जुनाट विकार आणि आयबीएस यांचे नैराश्याशी जनुकीय नाते दिसले. पण क्रोन्स व अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दाहविकारांत ते जवळजवळ नव्हते.

उपचारातही हे नाते नीट समजून घ्यावे लागते. अमिट्रिप्टिलिन हे जुने नैराश्यविरोधी औषध कमी मात्रेत आयबीएससाठी देतात. चिठ्ठीवर ते नाव वाचून ‘मला वेड्यात काढले’ म्हणून गोळी न घेणारे रुग्ण असतात. इंग्लंडमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत अशा कमी मात्रेने सहा महिन्यांत पोटाची लक्षणे कमी झाली, चिंता-नैराश्याच्या मोजमापात मात्र फरक पडला नाही. गोळीने काम केले ते पोटावरच.