वैतरणेचे वरचे खोरे

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, इगतपुरी व त्र्यंबकेश्वर तालुक्यांत पसरलेला डोंगराळ, झाडीचा प्रदेश. वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावते. गोदावरीही तिथलीच, ब्रह्मगिरीवरची. पण ती पूर्वेला १,४६५ किमी. वाहत बंगालच्या उपसागराला मिळते, आणि वैतरणा घाट उतरून विरारच्या उत्तरेस अरबी समुद्र गाठते. जिल्ह्याच्या पूर्वेकडचे लोक नदी म्हटले की गोदावरीच धरून चालतात, त्यामुळे ही शेजारीण बरीचशी दुर्लक्षित राहिली.

खोऱ्याच्या मध्यभागी ऊर्ध्व वैतरणा जलाशय आहे (१९७३). वैतरणा व आळवंडी या दोन धरणांचे पाणी एकत्र होऊन तो बनला. दऱ्या उथळ असल्याने फुगवटा आडवा पसरला आहे आणि त्याचे फाटे वाड्यांच्या अगदी दाराशी येतात. पूर्ण भरल्यावर पातळी ६०३.५१ मी., उपयुक्त साठा सुमारे २,२७,०४७ दशलक्ष लिटर. इथले पाणी ६० मेगावॅटच्या वीजकेंद्रातून खाली उतरते व पुढे मुंबईला जाते. त्याच नदीवर खालच्या अंगाला असलेल्या मोडकसागर जलाशयाची पूर्ण पातळी १६३.१५ मी. आहे, सह्याद्रीचा कडा म्हणजे काय, ते या दोन आकड्यांवरून कळावे.

पाऊस धो धो. इगतपुरीची वार्षिक सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर. पण खाली काळा बेसाल्ट आणि वर मातीचा पातळ थर, म्हणून पाणी मुरत कमी, पळत जास्त. दिवाळीनंतर ओढे आटू लागतात. एप्रिल-मे महिन्यांत डोंगरकुशीतल्या काही वाड्यांवर बाया झिऱ्याशी हंडे घेऊन ताटकळतात, आणि खालच्या अंगाला जलाशय दिसत असतो.

वस्ती मुख्यतः महादेव कोळी व ठाकर समाजांची. खाचरांत भात, उतारावर नागली (नाचणी), वरई आणि खुरासणी (कारळे). उन्हाळ्यात पालापाचोळा, फांद्या व शेण पसरून राब, म्हणजे रोपांसाठीची जागा, भाजतात, त्यावर रोपे टाकतात आणि पाऊस लागला की आवणी, म्हणजे रोपांची लावणी. झाडीत ऐन, हिरडा, बेहडा, मोह व जांभूळ. उघड्या माळावर करवंदाच्या जाळ्या.

हरिहर किल्ल्याच्या माथ्यावरून निरभ्र दिवशी सारा मुलूख दिसतो. आषाढात मात्र पुढची पायरी दिसली तरी पुष्कळ.